बाईंनी आखलेला ‘मूळ गाव’चा रकाना

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर आल्या त्या इतिहासाच्या बाईच. स्नेहसंमेलनं, ढाली, चषक यांवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते बाईंच्या ‘आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची माणसं’ या भित्तिपत्रकाबद्दल.

एका व्यक्तीला पोस्टकार्डाएवढा कार्डशीटचा तुकडा. वर पूर्ण नाव, खाली रूढ नाव, मग जन्म, शिक्षण, काम, मृत्यू. ‘थोर’, ‘महान’ दिसलं की बाई खोडायच्या आणि साल मागायच्या. महर्षी कर्वे म्हणजे १८९६चा अनाथ बालिकाश्रम आणि १९१६चं महिला विद्यापीठ. पां. वा. काणे म्हणजे १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत पुरा केलेला धर्मशास्त्राचा इतिहास आणि १९६३चं भारतरत्न. एवढं वाचलं की विशेषणाची गरजच उरत नसे.

एकदा बाबासाहेबांच्या कार्डावर एका गटाने ‘जन्म : आंबडवे, ता. मंडणगड’ असं लिहिलं. बाई रागावल्या नाहीत, कार्डही फाडलं नाही. जन्म महूचा, १४ एप्रिल १८९१. आंबडवे हे घराण्याचं मूळ गाव, आडनावही तिथूनच आलेलं, असं सांगून त्यांनी पट्टी घेतली आणि ‘मूळ गाव’ असा नवा रकाना आखला. मग तो सगळ्याच कार्डांवर आला. कर्व्यांचं गाव दापोलीजवळचं मुरूड, जन्म मात्र आजोळी, शेरवलीला. आपल्याकडे बाळंतपण माहेरी, त्यामुळे चरित्रात गाव एक आणि जन्म दुसरीकडे, हा घोळ व्हायचाच.

दुसरा घोळ शकाचा, म्हणजे शालिवाहन शकात दिलेल्या जन्मसालांचा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या जन्माला ७९ मिळवावे लागतात. टिळकांचा जन्म जुलैतला, म्हणून शके १७७८चे सरळ १८५६. र. धों. कर्वे जानेवारीतले; शके १८०३ मध्ये ७८ मिळवले तर १८८१ येतं, खरं साल १८८२. आणि हे र. धों. म्हणजे महर्षींचे चिरंजीव, संततिनियमनाचं काम करणारे. नुसतं ‘कर्वे’ लिहिलं तर बापाचं काम मुलाच्या नावावर जातं. परांजप्यांचंही तेच: गणितज्ञ रँग्लर र. पु. परांजपे मुर्डीचे, ‘काळ’ साप्ताहिकाचे संपादक शिवराम महादेव परांजपे महाडचे.

कार्डं चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. ती खळ बाई स्वतः ढवळायच्या, मुलांना हात लावू द्यायच्या नाहीत. फक्त वरची कड चिकटवायची. सगळं कार्ड चिकटवलं तर पावसाळ्यात कागद फुगतो, बुरशी धरते आणि दुरुस्तीसाठी ते सुटंही होत नाही.

वाचनालयात सूचीचं काम करताना मी आजही बाईंचेच रकाने वापरतो. हल्ली मुलं नेटवरून छापील पान आणतात आणि चारही कडांनी चिकटवतात, याचं फार वाईट वाटतं. महोत्सवाच्या दालनासाठी तक्ते करणाऱ्यांना एकच विनंती: ‘जन्मस्थळ’ आणि ‘मूळ गाव’ वेगळे ठेवा, आणि खाली तक्ता तपासणाऱ्या शिक्षकाच्या सहीसाठी जागा सोडा. बाई ती सोडायच्या.