नियम तपासण्याआधी

सरकारी अर्जांवर आपोआप निर्णय देणारी सॉफ्टवेअर बिघडली की ती माझ्या टेबलावर येतात. तक्रार बहुधा एकाच वाक्याची असते: पात्र माणसाचा अर्ज नामंजूर झालाय, नियम तपासा. नियम मी सगळ्यात शेवटी उघडते. आधी बघते ते हे, की निर्णय झाला त्या क्षणी नियमापुढे काय आलं होतं.

कारण आजच्या माहितीवर तोच अर्ज पुन्हा चालवला तर तो खुशाल मंजूर होतो आणि सगळे म्हणतात, ‘बघा, चालतंय की!’ मधल्या काळात कुणीतरी राहिलेला रकाना भरलेला असतो. म्हणून त्या वेळची माहिती, नियमांची आवृत्ती आणि नियमांच्या तक्त्यातली (एका ओळीत एक नियम) कुठली ओळ लागली, ही तिन्ही निर्णयासोबतच साठवलेली हवीत. नुसता ‘नामंजूर’ शेरा असेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

रिकामा रकाना हा माझा जुना वैरी. ‘उत्पन्न मर्यादेत असेल तर मंजूर, नाहीतर नामंजूर’ हे वाचायला निर्दोष वाटतं. पण उत्पन्नाचा आकडा आलाच नसेल तर? एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत नलची, म्हणजे रिकाम्या रकान्याची, मर्यादेशी तुलना केली की उत्तर खरंही येत नाही, खोटंही नाही. ‘अज्ञात’ येतं, आणि ते गुपचूप ‘नाहीतर’च्या खात्यात जमा होतं. उत्पन्नाची माहिती देणारी सेवा थोडा वेळ बंद पडली, की तेवढ्यात आलेले सगळे अर्ज नामंजूर. काही जण यावर उपाय म्हणून रिकाम्याचं शून्य करतात. मग ज्याची माहितीच आली नाही तो सगळ्यात गरीब ठरून पात्र होतो. त्याची तक्रार मात्र कधी येत नाही!

निर्णय-तक्त्यांसाठी डीएमएन नावाचं मानक आहे. त्यात ‘युनिक’ धोरण असलं तर एका अर्जाला एकच ओळ लागू व्हावी लागते. दोन लागल्या तर ती चूक धरतात. ‘फर्स्ट’मध्ये वरून पहिली लागणारी ओळ जिंकते. घाईत असलेला माणूस युनिकचं फर्स्ट करतो. एरर जाते, दोन नियमांचं भांडण आत तसंच राहतं, आणि उद्या कुणी ओळी वरखाली केल्या की निकाल बदलतो. मला ती एररच बरी वाटते.

तारखांचं तर विचारूच नका. वय काढताना दिवसांना ३६५ने भागलं तर माणूस ६५ वर्षांचा साधारण १६ दिवस आधीच होतो, कारण लीप वर्षांचे जादा दिवस कुणी वजाच केलेले नसतात. शिवाय वय धरायचं कुठल्या दिवशीचं, अर्ज केला तेव्हाचं की निकाल लागला तेव्हाचं? हे कोड लिहिणाऱ्याने ठरवायचं नसतं, पण बऱ्याचदा त्यानेच ठरवलेलं असतं.

आणि कधी कधी खरोखर नियमच चुकलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या रोबोडेट या सरकारी वसुली योजनेत वर्षभराचं उत्पन्न पंधरवड्यांवर सारखं वाटून लोकांकडे भत्त्याची वसुली मागितली गेली. भागाकार बरोबर असेलही, पण मिळेल तेव्हा काम करणाऱ्याची कमाई अशी सारखी नसतेच. २०२३ साली रॉयल कमिशन या चौकशी आयोगाच्या अहवालाने त्या योजनेचे वाभाडे काढले. असला दोष चाचण्यांत दिसत नाही, कारण चाचण्याही त्याच गृहीतकावर लिहिलेल्या असतात. अशा वेळी मी मूळ तरतुदीचा मजकूर मागवते आणि तक्त्याशेजारी ठेवून ओळीओळीने वाचते.

दोष सापडला की फक्त तक्रारवाला अर्ज सुधारून द्यायचा दबाव येतो. मी आधी नवा नियम जुन्या सगळ्या अर्जांवर बाजूला चालवून बघते. निकाल कुणालाही पाठवत नाही. बदललेल्या निकालांची यादी होते, दोन्ही बाजूंची: चुकून नाकारलेले आणि चुकून मंजूर झालेले. ती यादी अधिकाऱ्यांकडे जाते. मंजूर झालेल्यांचं काय करायचं, हे सॉफ्टवेअरने परस्पर ठरवू नये म्हणून निकाल आपोआप लागू करणारं बटण मी बंदच ठेवते.