गौर महिनाभर, हळदीकुंकू रविवारी

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या महिला मंडळात एकदा फूट पडता पडता राहिली, ती चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या वारावरून. मंगळवार नाहीतर शुक्रवार, हा जुन्या मंडळींचा हट्ट. पण ऐंशीच्या दशकात वाड्यातल्या निम्म्या सुना बँकेत, टपालखात्यात नाहीतर शाळेत लागलेल्या. शुक्रवारी सहाला घरी पोचून साडेसहाला डाळ कोण वाटणार? तोडगा आजीनेच काढला. "गौर चैत्र शुद्ध तृतीयेला येते ती अक्षय्य तृतीयेला जाते. चांगली महिनाभर माहेरी आहे. तिला कसली आलीय रविवारची अडचण?" शास्त्रात बसतं का, असं विचारायला कोणी धजावलं नाही. वाड्यातलं शास्त्र आजीच बघायची.

तेव्हापासून आमचा तो शनिवार-रविवार म्हणजे दिवाळीपेक्षा निवांत सण झाला. दिवाळीत घर आवरावं लागतं, इथे फक्त अंगण.

शनिवारी दुपार कलली की आजी, आई, मी आणि दोन पिशव्या असे मंडईत. मंडईची ती १८८६ सालची दगडी, अष्टकोनी इमारत बाहेर ऊन असलं तरी आत गार असायची. डाळीला कैरी आंबटढाण हवी, गोडसर चालत नाही. आजी देठाजवळ नख रुतवून वास घ्यायची आणि विक्रेता "आजी, नख लावू नका" म्हणायचा. दरवर्षी तोच वाद, आणि दरवर्षी शेवटी चार कैऱ्या वर. बाहेर पडताना मोगऱ्याचे गजरे आणि माठात टाकायला वाळ्याची जुडी.

मग तुळशीबाग. नारो अप्पाजी खिऱ्यांनी १७६३ साली रामाचं देऊळ बांधायला घेतलं, त्याच्या आवारात आणि भोवती हा बांगड्या-टिकल्यांचा संसार केव्हा वसला कोण जाणे. आई आधी रामाचं दर्शन घ्यायची आणि मग भावात घासाघीस, याच क्रमाने. गौरीच्या झोपाळ्याला लेस, मोत्यांची झालर, वाटायला पन्नासेक कुंकवाच्या डब्या. मला भातुकलीतलं एक पितळी भांडं. एका वर्षी पातेलं, एका वर्षी झारा. बारा वर्षांत माझा संसार जवळपास पुरा झाला, फक्त खलबत्ता राहिला तो राहिलाच.

रविवारची सकाळ बाबा आणि काकांच्या ताब्यात, म्हणजे आम्हा पोरांना घराबाहेर काढणं एवढंच त्यांचं काम. सारसबागेतल्या तळ्यातल्या गणपतीला हात जोडायचे आणि शेजारी पेशवे पार्कात फुलराणीत, म्हणजे मुलांच्या छोट्या आगगाडीत, बसायचं. फुलराणी १९५६ पासून धावत होती, म्हणजे बाबाही लहानपणी तिच्यात बसलेले. पण ते प्रत्येक वेळी "पोरांसाठी" म्हणून बसायचे.

परत येईपर्यंत वाड्यामागच्या बागेत सतरंज्या पडलेल्या असायच्या. सोनचाफ्याखाली गौर, पायऱ्यापायऱ्यांची आरास आणि दारात आजीचं चैत्रांगण. शंख, चक्र, गदा, कासव, गोपद्म, तुळस, सूर्य, चंद्र. ती चिमटीतून सुटणारी बारीक रेघ आम्हा नातींपैकी एकीलाही जमली नाही. कलिंगडाचं कमळ मात्र नव्या सुनांकडे असे.

डाळीची गोष्ट सांगायलाच हवी. एका वर्षी उत्साहाच्या भरात डाळ सकाळीच वाटून, कैरी किसून, फोडणी घालून झाकून ठेवली. संध्याकाळी झाकण काढलं तर आंबलेली! एप्रिलमधलं पुणं, दुसरं काय होणार? मग तीन घरांतून भिजवलेली डाळ गोळा केली आणि तीन मिक्सर एका बटणावर लावले, तर फ्यूज उडाला. शेवटी पाटा-वरवंटा निघाला. त्या वर्षीची डाळ सगळ्यांत चांगली झाली, हे मिक्सरवाल्यांनीही कबूल केलं. पुढे नियमच झाला, डाळ चारनंतर वाटायची आणि भरड वाटायची.

पाच वाजता बायका यायला लागत. आम्ही मुली अत्तरदाणी आणि गुलाबदाणी घेऊन उभ्या. गुलाबपाणी पाहुण्यांवर थोडं, एकमेकींवर जास्त. वेलची घातलेलं पन्हं, डाळ, ओटीत भिजवलेले हरभरे. पुरुषांना आत मज्जाव. ते ओट्यावर पेपर घेऊन पन्ह्याची वाट बघत. त्यांच्याकडे बघत एका काकूंनी नाव घेतलं होतं,

तुळशीबागेत घेतल्या बांगड्या, मंडईत घेतली कैरी,
रावांचं पाकीट झालं रिकामं, म्हणून बसलेत बाहेरी.

रावांचं खरं नाव इथे नको. ते पेपरामागून बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दिवेलागणीनंतर उरलेलं पन्हं पातेल्यातून थेट प्यायचं, मोगऱ्याच्या वासात सतरंजीवर आडवं व्हायचं, आणि मोठ्यांच्या गप्पा ऐकता ऐकता तिथेच झोपायचं. बायकांच्या गप्पांत हिशेब असे. किती आल्या, कोण नाही आली, डब्या पुरल्या का. हरभऱ्यांचा अंदाज मात्र दरवर्षी चुकायचा. सोमवारी वाड्यातल्या झाडून सगळ्या पोरांच्या डब्यात हरभऱ्याची उसळ. मंगळवारीसुद्धा.