ब्लॅक फ्लॅग, उलटीकडून

ब्लॅक फ्लॅग हा अमेरिकेतला हार्डकोर पंक बँड, म्हणजे पंक रॉकचा अजून वेगवान, अजून रागीट प्रकार वाजवणारा, मी चुकीच्या टोकाकडून ऐकायला सुरुवात केली. इंजिनिअरिंगला पुण्यात होतो, शेजारच्या रूममधल्या मित्राने एमपीथ्रीची सीडी बर्न करून दिलेली, वर मार्करने नुसतं 'बीएफ'. फाइल्सना धड नावं नाहीत, ट्रॅक ०१ ट्रॅक ०२ असलं काहीतरी, आणि क्रम सगळा गंडलेला. हार्डकोर पंक म्हणजे दीड मिनिटात खेळ खल्लास एवढंच ऐकून होतो आणि इथे पहिलंच गाणं संपेना. पावणेसात मिनिटं. गिटार चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखी, आणि वरून एक माणूस असा ओरडतोय की याला कुणीतरी दवाखान्यात न्या रे. मला वाटलं हेच हार्डकोर. मित्राला म्हणलं भारी आहे, तर तो म्हणे, अरे ते सोड, तो त्यांचा पडता काळ, आधीचं ऐक.

मग आधीचं ऐकलं. तेही भारीच. पण पडता काळ म्हणजे नक्की काय हा प्रश्न डोक्यात राहिला तो राहिलाच.

तर गोष्ट कॅलिफोर्नियातल्या हर्मोसा बीचची. समुद्रकिनारी गाव, सर्फिंगवाली पोरं, आणि त्यात ग्रेग गिन नावाचा एक उंच, अबोल प्राणी. हा बारा वर्षांचा असल्यापासून हॅम रेडिओचं (हौशी लोकांच्या वायरलेसचं) सामान विकायचा, धंद्याचं नाव सॉलिड स्टेट ट्यूनर्स, म्हणजे एसएसटी. पुढे यूसीएलए विद्यापीठातून इकॉनॉमिक्स केलं. १९७६ला बँड काढला, नाव पॅनिक, पण त्या नावाचा दुसरा बँड निघाला म्हणून बदलावं लागलं. गिनचा भाऊ चित्रकार, रेमंड पेटीबॉन म्हणून सही करतो, त्याने 'ब्लॅक फ्लॅग' सुचवलं आणि चार काळ्या पट्ट्यांचा लोगो काढून दिला. पांढरं निशाण म्हणजे शरणागती, तर काळं म्हणजे अराजक, असा हिशोब. (आपल्याकडे काळे झेंडे म्हटलं की मंत्र्याच्या गाडीपुढे उभे राहिलेले चार कार्यकर्ते आणि त्यांना उचलायला आलेली पोलिसांची गाडी डोळ्यापुढे येते. तसं बघितलं तर फार वेगळं नाही.)

पहिली रेकॉर्ड १९७८च्या जानेवारीत रेकॉर्ड झाली, चार गाणी, सगळी मिळून साडेपाच मिनिटांच्या आत. जे लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढणार होतं ते काढेचना, तेव्हा गिनने रेडिओच्या धंद्याचंच नाव लावून १९७९मध्ये स्वतः काढली. झालं, एसएसटी रेकॉर्ड्स सुरू. मला या माणसाचं हे फार आवडतं. कुणी करत नाही म्हणून रडत बसला नाही.

गायक मात्र टिकत नव्हते. पहिला गायक कीथ मॉरिस गेला आणि त्याने सर्कल जर्क्स हा बँड काढला. मग रॉन रेयेस आला, तो तर १९८०मध्ये रेडोंडो बीचच्या फ्लीटवूड क्लबमध्ये शो चालू असतानाच स्टेज सोडून निघून गेला, बाकीच्यांनी पब्लिकमधल्या लोकांना माइक देऊन कार्यक्रम रेटला. मग डेझ कॅडेना आला, त्याचा आवाज बसायला लागला आणि त्याला गिटारच वाजवायची होती. आणि १९८१ला वॉशिंग्टन डीसीतल्या एका आइस्क्रीमच्या दुकानाचा वीस वर्षांचा मॅनेजर, हेन्री रोलिन्स, न्यूयॉर्कच्या एका शोमध्ये स्टेजवर चढून एक गाणं म्हणून गेला. काही दिवसांत त्याला बोलावणं आलं. नोकरी सोडून हा पठ्ठ्या सरळ व्हॅनमध्ये.

त्याच वर्षी 'डॅमेज्ड' हा पहिला अल्बम. लोक याला शिखर मानतात आणि मानू देत, पण सगळा घोळ पण इथेच झाला. रेकॉर्ड युनिकॉर्न नावाच्या लेबलबरोबर, वितरण एमसीए या बड्या रेकॉर्ड कंपनीकडे. एमसीएच्या वितरणाचा साहेब अल बर्गामो, त्याने ऐकलं आणि हे आईबापांच्या विरोधातलं आहे म्हणून हात वर केले. बँडने काय करावं, त्याचंच वाक्य स्टिकरवर छापलं आणि हजारो कव्हरांवर एमसीएच्या लोगोवर चिकटवून टाकलं! एवढी फुकट जाहिरात कुणाला मिळते? पण पुढे युनिकॉर्नबरोबर पैशावरून कोर्टकचेरी, आणि कोर्टाने ब्लॅक फ्लॅग हे नाव वापरून नवीन काही काढायचं नाही असा मनाई हुकूम दिला. तरी यांनी जुन्या रेकॉर्डिंगचा संग्रह काढलाच, बँडचं नाव न टाकता, फक्त वाजवणाऱ्यांची नावं टाकून. कोर्ट काय खुळं नव्हतं. गिन आणि बेसिस्ट चक डुकोव्स्की, दोघं कोर्टाच्या अवमानासाठी पाच दिवस लॉस एंजेलिस काउंटीच्या जेलात जाऊन आले. शेवटी १९८३च्या अखेरीला युनिकॉर्नच दिवाळखोरीत निघालं तेव्हा सुटका.

म्हणजे बघा, ऐन भरात असताना जवळजवळ दोन वर्षं नवीन काही काढता येत नाही. माणसं काय करणार? गिनने प्रॅक्टिस लावली. रोज, तासन् तास. ड्रमर बिल स्टीव्हनसन, जो सुसाट वाजवण्यासाठी प्रसिद्ध, त्याला मुद्दाम हळू वाजवायला बसवलं. आणि मला वाटतं जे झालं ते या कोंडीतच झालं, आत वाफ साठली पण बाहेर पडायची वाट बंद, मग ती जड होत गेली. या सगळ्यात डुकोव्स्की पण बाहेर पडला, किंवा काढला, तुम्ही कुणाचं ऐकता त्यावर आहे. बेसला माणूसच नाही, तेव्हा गिनने स्वतः बेस वाजवला आणि कव्हरवर 'डेल निक्सन' असं खोटं नाव टाकलं.

हा अल्बम म्हणजे १९८४चा 'माय वॉर'. पहिली बाजू ओळखीची. उलटी बाजू, फक्त तीन गाणी, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर. माझ्या सीडीवर सुरुवातीला आलेली हीच ती. पंकवाली पोरं भडकली. त्यात बँडने केस पण वाढवलेले, तेव्हाच्या हार्डकोरमध्ये टक्कल हा जवळजवळ युनिफॉर्म होता, म्हणजे नियम मोडायला आलेल्या लोकांचे नियम किती कडक असतात बघा. शोमध्ये लोक रोलिन्सवर थुंकायचे, मारायला यायचे, सिगारेटचे चटके द्यायचे, आणि हा नुसत्या शॉर्ट्सवर उभा.

पण सिएटलकडच्या काही पोरांना तेच नेमकं भिडलं. मेल्व्हिन्स या बँडने तो संथपणा उचलला, मडहनी बँडवाले पण त्याच पंगतीतले, आणि निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन, त्याने आपल्या आवडत्या ५० अल्बमच्या यादीत 'माय वॉर' लिहून ठेवलाय. ज्याला पडझड म्हणतात तिच्यावर दुसऱ्या गावात इमारत उभी राहिली.

खरी उतरण त्यानंतरची, आणि ती मला तेवढी ऐकवत नाही. एकट्या १९८४मध्ये तीन स्टुडिओ अल्बम आणि एक लाइव्ह, १९८५ला अजून दोन. एवढं कोण ऐकणार? किरा रेसलर बेसला होती, काय वाजवायची बाई, कॉलेजचं शिक्षण सांभाळून टूर करायची, तिलाही १९८५ला घालवलं. स्टीव्हनसन गेला. गिनला शब्दांमध्ये रसच उरला नव्हता, नुसतं वाद्यसंगीत करणारा वेगळा बँड त्याने काढला आणि त्यालाच टूरवर बरोबर घेऊन फिरायचा. ज्या हट्टाने १९७९ला रेकॉर्ड निघाली, त्याच हट्टाने एकेक माणूस गळत गेला. शेवटचा शो जून १९८६, डेट्रॉइट. ऑगस्टमध्ये गिनने रोलिन्सला फोन केला, मी बँड सोडतोय. बँड ज्याचा, तोच सोडतोय! म्हणजे संपलं.

२०१३चं सांगायचं नव्हतं पण सांगतो. एकीकडे गिन आणि रॉन रेयेस ब्लॅक फ्लॅग म्हणून, दुसरीकडे मॉरिस, डुकोव्स्की, स्टीव्हनसन, कॅडेना नुसतं फ्लॅग म्हणून, दोघं एकाच वेळी टूरवर. गिन कोर्टात गेला. तीस वर्षांपूर्वी ज्या मनाई हुकमाने त्याचा गळा धरला होता, तोच आता तो जुन्या दोस्तांवर मागत होता. कोर्टाने दिला नाही. त्याच वर्षीचा ब्लॅक फ्लॅगचा नवा अल्बम मी एकदा ऐकला, परत हिंमत झाली नाही.

ती सीडी आता चालत नाही, ओरखडे पडलेत. फोनवर सगळं नीट क्रमाने आहे, नावासकट, वर्षासकट. पण मी एक प्लेलिस्ट केलीय, त्यात 'माय वॉर'ची उलटी बाजू पहिली. मित्र गाडीत बसला की न चुकता ती तीन गाणी पुढे ढकलतो.