इसीजी नॉर्मल आल्यावर विचारायचा प्रश्न

रात्री अचानक छाती धडधडते, हाताला मुंग्या येतात, आता जीव जातोय असं वाटतं. घरचे गाडीवर मध्ये बसवून सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) गाठतात. इसीजी नॉर्मल येतो, "टेन्शन घेऊ नका" असं ऐकून सगळे परत येतात. हा पॅनिक अटॅक, म्हणजे घबराटीचा झटका, साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचून ओसरू लागतो, हे खरंच. पण जिवाचा धोका बघायचा तो दोन अटॅकच्या मधल्या दिवसांत.

१९८९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पॅनिक डिसऑर्डर (असे अटॅक पुन्हा पुन्हा येण्याचा आजार) असलेल्यांपैकी २० टक्के लोकांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं दिसलं. यातला बराचसा धोका सोबतच्या डिप्रेशनचा आणि व्यसनाचा, असं पुढं अनेकांनी म्हटलं. म्हणून तेच आधी बघा. पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही, एसटीत बसायच्या भीतीनं काम सुटलंय, संध्याकाळी धडधड दाबायला दारू लागते (ती उतरताना घबराट आणखी वाढते), "माझा तुम्हाला नुसता त्रास" असं तोंडी येतंय.

मग सरळ विचारा, "खरं सांग, मरून जावंसं वाटतंय काय?" विचारल्यानं तो विचार डोक्यात भरवला जात नाही. उत्तर हो आलं, तर काही ठरवलंय काय हेही विचारा. ठरवलं असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. शेतीची औषधं आणि उरलेल्या गोळ्या त्या घरातून हलवा, भावकीत कुणाकडं तरी कुलपात ठेवा. तीव्र ऊर्मी बहुतेकदा थोडा वेळच टिकते, तेवढ्या वेळात हाताशी काही नसावं.

उपचार अनेकदा फिसकटतो तो गोळ्यांच्या सुरुवातीला. पॅनिक आणि डिप्रेशनवर देतात त्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या दिवसांत बेचैनी उलट वाढू शकते. म्हणूनच डॉक्टर कमी डोसनं सुरू करतात. चौथ्या दिवशी "सोसत नाही" म्हणून परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. पंचविशीच्या आतल्या पोरापोरींवर या काळात जास्त लक्ष हवं. अल्प्राझोलामसारखी घबराट लगेच दाबणारी गोळी दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो आणि रोजची सवय असताना ती एकदम तोडणंही धोक्याचं.

आधी प्रयत्न झाला असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. पोलीस केसची भीती मोठी असते, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरतं, तिला शिक्षा होत नाही. तज्ज्ञांची वेळ उद्याची असेल तर आज रात्रीच १४४१६ लावा. ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, टेलिमानस, मोफत आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर आधी १०८.