बेलरच्या पट्ट्यांसाठी लाखांदूर ते नागपूर

हार्वेस्टरने धानाची कापणी झाली की तणस म्हणजे धानाचा पेंढा बांधीतच (धानाच्या शेतातच) पडून राहतो आणि हरभऱ्यासाठी जमीन मोकळी करण्याची घाई सुरू होते. याच दिवसांत आमच्या बेलरचे, म्हणजे तणस उचलून त्याचे गोल गठ्ठे करणाऱ्या यंत्राचे, पट्टे टोके जोडलेल्या सांध्याजवळ फाटू लागले, म्हणून पवनी, भिवापूर, उमरेड या मार्गाने नागपूर गाठले.

प्रवासाचे यश निघण्यापूर्वीच्या मोजमापावर ठरते. जुना पट्टा सपाट जागेवर, ताण न देता पसरून लांबी, रुंदी आणि जाडी लिहून घ्यावी, सांध्यासह एक तुकडा सोबत न्यावा आणि यंत्रावरील मॉडेल क्रमांकाच्या पाटीचे छायाचित्र काढावे. पट्टा कोणत्या रोलरवरून व कोणत्या बाजूने फिरतो, याचे छायाचित्र तर तो काढण्यापूर्वीच घ्यावे.

उमरेडचा परिसर कोळसा खाणींचा असल्याने तेथे कन्व्हेयरचा पट्टा परिचयाचा आहे, आणि तोच जुना घेऊन कापून लावावा, असे वाटेत सुचवण्यात आले. हा सल्ला मी मानला नाही, इतरांनीही मानू नये. खाणीतील जाड पट्टा बेलरच्या लहान रोलरवर नीट वळत नाही, आणि त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागाला तणसावर पकड मिळत नाही. बेलरच्या पट्ट्यावरील नक्षी त्या पकडीसाठीच असते.

नागपुरात पट्टे मिळाले. दुकानदार तेथेच सांधा करून देण्यास तयार होता, तरी आम्ही पट्टे थोडे लांब ठेवून सांधा जोडण्याच्या क्लिपा, पिना आणि क्लिपा बसवण्याचे हत्यार घेतले, कारण अंतिम कापणी यंत्रावर उरलेल्या पट्ट्यांशी लांबी जुळवूनच करायची असते. जुने पट्टे ताणलेले असतात. त्यांत एकच आखूड पट्टा बसवला तर सगळा ताण त्याच्यावर येतो आणि तोच आधी तुटतो. लांबीतील फरक यंत्राच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत राहत नसेल, तर संपूर्ण संच बदलणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

सांध्याचे टोक अचूक काटकोनात कापावे. झिजलेल्या कडेला गुण्या लावला तर कापही तिरपा येतो, म्हणून पट्ट्याच्या मध्यावर रेषा आखून तिच्यावर गुण्या धरावा. तिरप्या सांध्याचा पट्टा एका बाजूला सरकतो, शेजारच्या पट्ट्याला घासतो आणि कडेचे धागे सोडतो. टोकांचे कोपरे थोडे छाटावेत, आणि पिनेचे टोक कडेबाहेर येऊ देऊ नये.

पट्टा बसवताना पीटीओ (ट्रॅक्टरमधून यंत्राला शक्ती देणारा फिरता दांडा) बंद करून ट्रॅक्टरची चावी काढावी. मागचा दरवाजा वर असताना त्याचे हायड्रॉलिक कुलूप लावल्याशिवाय कोणीही आत हात घालू नये. जुन्या पट्ट्याच्या टोकाला नवा जोडून, रोलर हाताने फिरवत ओढून घेतला की मार्ग चुकत नाही. रोलरवर गुंडाळलेले तणस आणि आवाज करणारी बेअरिंग यांची दुरुस्ती त्याच वेळी करावी, अन्यथा नवा पट्टाही त्याच कडेने झिजेल.

सुरुवातीचे काही गठ्ठे झाल्यावर यंत्र बंद करून प्रत्येक पट्ट्याची सरळ चाल आणि क्लिपांची पकड तपासावी. पुढील वर्षी ही खरेदी धान निसवण्यापूर्वीच करावी, कारण हंगामात पट्ट्यांची मागणी एकदम वाढते आणि हवी ती रुंदी मिळेपर्यंत बांधी अडून राहते.