घाट, घाम आणि मीठ

भात, पोळी आणि साखर सोडून पंधरवडा होतो न होतो तोच मला यवतेश्वरचा घाट चढवेना. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, ६.२ आली, मधुमेहाच्या उंबरठ्यावर, म्हणून आहार बदलला होता. वजन भराभर उतरत होतं, उपाशीपोटीची साखर खाली आली होती, आणि तरी पहिल्या दोन वळणांतच छाती धडधडायची, कपाळ ठणकायचं. बुटाची नाडी बांधून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. रात्री झोपेत पोटरीत गोळा यायचा तो वेगळाच. साताऱ्यात धावणाऱ्यांची वाण नाही. हिल मॅरेथॉन जवळ आली की पहाटेच्या घाटात सल्ला हवा तेवढा मिळतो. "ताई, पाणी कमी पडतंय तुम्हाला," हे जो तो सांगायचा. पाणी वाढवलं, तसा त्रासही वाढला.

डॉक्टर मॅडमनी आधी मला आडवं झोपवून बीपी मोजलं, मग उभं करून. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसाहून जास्त घसरला. रक्ताच्या तपासणीत मात्र सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, "मग कमी काय आहे?" त्या म्हणाल्या, "मीठच कमी आहे. रिपोर्टात दिसतं ते रक्तातलं प्रमाण. मीठ आणि पाणी दोन्ही बरोबरीनं गेलं तर प्रमाण तेवढंच राहतं, शरीरातला साठा मात्र आटतो."

मग त्यांनी ते नीट उलगडून सांगितलं. इन्सुलिनचं एक काम मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला लावणं. पिष्टमय पदार्थ कमी केले की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंड सोडियम सोडायला लागतं, त्याच्या मागोमाग पाणी. शिवाय स्नायू आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवलेली असते, त्याच्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. तो साठा रिकामा होतो तेव्हा ते पाणीही जातं. पहिल्या आठवड्यात काट्यावर उतरलेलं जे वजन मी सगळ्यांना कौतुकानं सांगत होते, त्यात चरबी थोडीच होती. अशा शरीरावर घाटातला घाम आणि वर नुसतं पाणी.

घरी येऊन मी ताटाकडे पाहिलं. आमच्याकडे मीठ कुठून पोटात जायचं? कणकेतून, आमटीतून, भाकरीबरोबरच्या ठेच्यातून, पापड-लोणच्यातून. भाकरी गेली तर ठेचा कशाला लावणार? डाळ कमी केली म्हणून आमटी गेली. उरलं काय, तर अंडी, पनीर, पालेभाजी, काकडी, आणि त्यावर चिमूटभर मीठ. म्हणजे मूत्रपिंड मीठ सोडत असतानाच वरून येणारंही बंद झालेलं.

किती घ्यायचं, यावर मात्र एकमत नाही. कमी कार्बच्या, म्हणजे कमी पिष्टमय पदार्थांच्या आहारावर वर्षानुवर्षं काम केलेले अमेरिकेतले स्टीफन फिनी आणि जेफ व्होलेक दिवसाला ३ ते ५ ग्रॅम सोडियम सांगतात. मिठात सोडियम सुमारे ४० टक्के, त्यामुळे हे झालं साडेसात ते साडेबारा ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा. मॅडमनी मधला रस्ता काढला. जेवणात मीठ चवीपुरतं पण हात न आखडता घालायचं, धावायच्या दिवशी वेगळं २ ग्रॅम, आणि घरी दर आठवड्याला बीपीची नोंद. माझं बीपी आधीपासून कमीच, म्हणून एवढी मोकळीक. ज्यांना बीपीची गोळी चालू आहे त्यांना हे सरसकट लागू नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

माझा पहिला विचार अर्थातच ओआरएसचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्यानं माणसं पटापट जात होती, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं हजारोंना वाचवलं. त्यातली साखर ऊर्जेसाठी नसते. आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम ओढलं जातं आणि त्यामागे पाणी, जुलाब चालू असतानासुद्धा. माझं आतडं धडधाकट, त्यामुळे रोजच्या सरावाला साखरेची गरज नव्हती. पण लांबच्या पल्ल्यात अर्धा लिटर ओआरएस घेतलं तर पोटात साखर जाते सात ग्रॅमच्या आत, आणि घाट चढणारे पाय ती तिथल्या तिथे जाळतात. त्यावरून आहार मोडला म्हणून हळहळणाऱ्यांचं मला नवल वाटतं. दुकानातल्या गोड, रंगीत पेयांची गोष्ट निराळी. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला मनाई केली, ते बरंच झालं.

घाम किती जातो ते पाहायला एका दमट सकाळी धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन केलं. तासाभरात, वाटेत प्यायलेलं पाणी धरून, किलोच्या थोडं वर गेलं होतं. एक किलो म्हणजे जवळजवळ एक लिटर घाम. लिटरभर घामातून माणसागणिक अर्ध्या ग्रॅमपासून पावणेदोन ग्रॅमपर्यंत सोडियम जातं. माझ्या काळ्या टोपीवर वाळल्यावर पांढऱ्या रेघा उमटतात आणि कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला की डोळे चुरचुरतात, तेव्हा मी खारट घामवाल्यांपैकी असणार.

आता घाटाच्या दिवशी निघायच्या पाऊण तास आधी अर्धा लिटर कोमट पाण्यात २ ग्रॅम मीठ, अर्धं लिंबू, किसलेलं आलं आणि भाजलेल्या जिऱ्याची चिमूट. मीठ पहिल्यांदा वजनकाट्यावर मोजलं आणि तेवढं कुठल्या चमच्यात बसतं ते बघून ठेवलं. लिटरला ४ ग्रॅम म्हणजे सोडियम जवळपास ओआरएसएवढंच होतं. याहून खारट केलं तर मळमळतं, पोटही ढवळतं, आणि घाटात ती सोय नाही. आदल्या दिवशी घरी मटण झालं असेल तर फोडणीआधी काढून ठेवलेला अळणी रस्सा हाच माझा सकाळचा पेला. हळद, आलं-लसूण, मटणाचा अंगचा तवंग. त्यात मीठ पुरेसं घालायचं आणि गरम गरम प्यायचं. दुकानातली कुठलीही पावडर त्याच्यापुढे फिकी. आधी प्यायल्याचा फायदा असा की मीठ-पाणी अंगात मुरलेलं असतं. वाटेत मग मी तहानेपुरते घोट घेते.

चढावरची अंधारी आठ-दहा दिवसांत गेली. उभं राहिल्यावर बीपी घसरेनासं झालं.

शहाळ्याचं मात्र आपल्याकडे उगीच स्तोम आहे. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम त्या मानानं थोडं, आणि घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. वर त्यात साखर आहेच. धावून आल्यावर मी ताक पिते, पातळ आणि खारट. साखर न घातलेलं आमसुलाचं पाणीही चालतं. सैंधव आणि पादेलोणाबद्दल खूप ऐकवलं जातं. दोन्हींत मुख्यतः साधं मीठच असतं, पोटॅशियम, मॅग्नेशियम नावापुरतं. आयोडीनचं साधं मीठ सोडून त्यामागे लागायचं काही कारण मला दिसलं नाही.

पोटरीच्या गोळ्यांचं कोडं इतकं सरळ सुटलं नाही. मीठ वाढवल्यावर ते कमी झाले, पण थांबले नाहीत. मॅग्नेशियमची गोळी घेतली, तिनं आधी पोट बिघडवलं. मग मूठभर भोपळ्याच्या बिया आणि बदामांवर आले. त्यानंतर रात्रीचे गोळे विरळ झाले खरे, पण ते बियांमुळे की चढाचा सराव वाढल्यामुळे, मला सांगता येणार नाही. धावताना गोळा आला तर सासूबाईंचा उपाय लोणच्याच्या खाराचा. २०१० साली अमेरिकेत केविन मिलर यांनी काकडीच्या लोणच्याच्या पाण्यावर प्रयोग केला. मुद्दाम आणलेला गोळा त्या पाण्यानं साध्या पाण्यापेक्षा लवकर सुटला, तोही ते रक्तात पोचण्याआधी. म्हणजे घशाला लागणाऱ्या आंबट-खारट झिणझिणीनं नसांना बसणारा तो झटका असावा. लिंबाच्या लोणच्याचा खार मी छोट्या बाटलीत नेते आणि तो काम करतो.

त्या फुकट सल्ल्यातलं पाणी वाढवणंच सगळ्यांत धोक्याचं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं, आणि शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांच्यात ते जास्त. अति पाण्यानं असं होतं हे १९८५ मध्ये ज्यांनी मांडलं ते दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स पुढे कमी कार्बच्या आहाराचेच खंदे समर्थक झाले. आता पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी थांबणाऱ्यांना, विशेषतः सावकाश धावणाऱ्यांना, मी हटकते.

वेग मात्र परत आला नाही. मिठानं डोकं हलकं झालं, पाय हलके झाले नाहीत. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांनी अव्वल दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंवर केलेल्या आणि २०१७ साली छापून आलेल्या अभ्यासात, चरबीवर चालणाऱ्या शरीराला त्याच वेगासाठी जास्त ऑक्सिजन लागतो असं दिसलं. घाटाच्या उभ्या वळणावर मला ते रोज जाणवतं. साखर ताब्यात राहणार असेल तर मागून येणारे पुढे गेले तरी चालेल, असं मी ठरवलंय.

माझं पाहून सासूबाईंनीही पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठ आणायला सांगितलं. त्यांना बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. त्या गोळीनं मुळातच पोटॅशियम अंगात साठू शकतं, त्यावर हे मीठ म्हणजे हृदयाच्या ठोक्यांशी खेळ. मॅडमनी नको म्हटल्यावर पुडा तसाच परत केला. आमच्या ग्रुपमधले एक दादा मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन घेतात. त्यांनी डॉक्टरांना न विचारता भात-पोळी सोडायचं मनावर घेतलं होतं. साखर फार चढलेली नसतानाही त्या गोळीवर, अशा आहारात, रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो हे कळल्यावर ते आधी दवाखान्यात गेले. आता गोळी बदलून झाल्यावर आमच्याबरोबर घाटात येतात आणि खाराची बाटली माझ्याआधी संपवतात.