आत्ता वाळू नकोस, लवकर वाळ

एअर ड्राय क्ले, म्हणजे हवेत आपणहून वाळून कडक होणारी माती, वापरणाऱ्या माणसाच्या मागण्या मोठ्या गमतीच्या असतात. टेबलावरची वाटी संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळायला हवी, आणि पाकिटात उरलेला गोळा मात्र सहा महिने लोण्यासारखा मऊ राहायला हवा. क्ले बिचारी दोन्हीकडे सारखीच वागते. हवा लागली की पाणी सोडायचं, एवढंच तिला ठाऊक. भट्टी नको, ओव्हन नको, म्हणून ती सोपी वाटते खरी. पण भट्टीचं काम हवेकडे सोपवलं की हवेच्या कलाने घ्यावं लागतं, हे पहिली भेग पडेपर्यंत कुणी मनावर घेत नाही.

वाळणं म्हणजे नुसतं कोरडं होणं नाही, आकसणंही आहे. पाणी जिथून गेलं तिथली जागा मोकळी राहत नाही, कण एकमेकांजवळ सरकतात. साधारण ५ ते १० टक्के लांबी कमी होते. क्ले जितकी ओली तितकी जास्त. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा चाचणीची पट्टी करावी. ५ मिमी जाडीची पट्टी लाटून तिच्यावर सुईने बरोबर १० सेमीची रेघ ओढायची आणि पट्टी पूर्ण वाळली की रेघ मोजायची. ९.४ सेमी भरली, तर ही क्ले ६ टक्के आकसते. आता कुणी म्हणेल, १० सेमीचं झाकण हवं तर १०.६ सेमीचं करू. तेही किंचित कमीच पडेल. १० ला ०.९४ ने भागायचं, म्हणजे १०.६४. फुलापानांना या हिशेबाची गरज नाही, पण डब्यावर बसणाऱ्या झाकणाला अर्धा मिलिमीटरही पुरतो रुसायला.

भेगांचं मूळ इथेच आहे. वरचा थर आधी वाळतो, त्याला आकसायचं असतं. आतला गोळा अजून ओला आणि आहे तेवढाच. त्या ओढाताणीत वरचा थर फाटतो. म्हणून ऊन, पंखा, हेअर ड्रायर ही घाईची सगळी साधनं उलटतात. जाडी ५ ते ६ मिमीच्या आसपास ठेवली आणि सगळीकडे सारखी ठेवली, तर निम्मी भांडणं मिटतात. एक हिशेब मात्र पक्का लक्षात ठेवावा: जाडी दुप्पट केली की वाळायला दुप्पट नाही, चौपटीच्या आसपास वेळ लागतो, कारण आतल्या पाण्याला बाहेरपर्यंतची वाट त्या जाडीतूनच काढायची असते. मूठभर जाडीची भरीव मूर्ती आठवडाभरानंतरही पोटात ओली असते. वरून रंग देऊन ते ओलं आतच कोंडलं, की पुढे रंगाला फुगे येतात.

दुसरा गुन्हेगार म्हणजे सांगाडा. आतली तार, काचेची बाटली किंवा लाकडी ठोकळा काही आकसत नाही, भोवतीची क्ले आकसते. उपाय म्हणजे दोन थर. पहिला २ ते ३ मिमीचा पातळ थर द्यावा, तो वाळू द्यावा, पडलेल्या भेगा पातळ केलेल्या क्लेने भराव्या आणि मग दुसरा थर चढवावा. काचेवर आधी पांढऱ्या गोंदाचा हात दिला तर पकड चांगली बसते. तार ॲल्युमिनियमची घ्यावी. लोखंडी तारेला ओल्या क्लेत गंज चढतो आणि त्याचे तपकिरी डाग पांढऱ्या रंगातून वर येतात. वाटीच्या साच्यावर वाटी करताना बहुतेक जण साचा पालथा घालून क्ले बाहेरून चढवतात. मग वाळताना ती साच्याला आवळत जाते आणि काठापासून तडकते. साचा उताणा ठेवून, आत क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ, चिकटणारं प्लास्टिक) अंथरून, क्ले आतल्या अंगाला बसवली तर आकसताना ती साच्यापासून आपणहून सुटते. एवढ्या साध्या बदलाने इतका फरक पडेल असं वाटत नाही, पण पडतो.

पाण्याचं बोट हा या छंदातला सर्वात गोड मोह. पृष्ठभाग गुळगुळीत करायला ओलं बोट फिरवलं की काय सुंदर दिसतं! दर वेळी फिरवलं की वरचा थर चिखल होतो, आणि चिखल आतल्या क्लेपेक्षा जास्त आकसतो. बोट बुडवायचं नाही, ओल्या स्पंजावर टेकवायचं. जोड देतानाही तेच. नुसतं दाबून चिकटवलेला कान वाळल्यावर हातात येतो. दोन्ही बाजू सुईने आडव्याउभ्या खरवडायच्या, त्याच क्लेत पाणी कालवून केलेली दाटसर पेस्ट लावायची, दाबून किंचित हलवायचं आणि कडेने क्ले ओढून सांधा मिटवायचा. एक भाग वाळून गेला असेल तर पेस्टचा उपयोग नाही. दुसराही वाळू द्यावा आणि गोंदाने जोडावं.

वाळवताना पहिली रात्र वस्तूवर प्लास्टिक सैल टाकून ठेवावं, कडा उघड्या. नंतर जाळीवर, म्हणजे खालूनही हवा लागेल. सपाट वस्तू तीन-चार तासांनी उलटावी, नाहीतर वरची बाजू आधी आकसून कडा वर उचलल्या जातात. ताठ झाली पण अजून गार लागते, अशा वेळी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून वर पुस्तक ठेवावं. आणि वाळली का, हे डोळ्यांना विचारू नये. गालाला लावून पाहावं. आत ओल असेल तर ती उडताना उष्णता घेते, म्हणून वस्तू खोलीपेक्षा गार लागते. खात्रीच हवी असेल तर वजनकाटा: सलग दोन दिवस वजन तेवढंच भरलं, की झालं. मग पॉलिश पेपर, आधी १२० नंबरचा, मग २२०, शेवटी ४००. नाकावर मास्क, कारण ही धूळ फार बारीक असते. त्यावर प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा हात), ॲक्रिलिक रंग आणि वार्निशचे दोन-तीन पातळ हात. वार्निश शिंतोडे झेलतं, पाणी साठवू देत नाही. फुलदाणी केली तर आत काचेची नळी ठेवायची. खाण्यापिण्याच्या भांड्यांचा तर विचारच नको.

कॉर्नफ्लोअर आणि पांढरा गोंद शिजवून केलेली कोल्ड पोर्सिलेन ही याच घराण्यातली, पण रंगाच्या बाबतीत फसवी. या गोंदातलं पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, ज्याचा शोध जर्मनीत १९१२ साली फ्रित्झ क्लाटे याने लावला, पाण्यात बारीक थेंबांनी तरंगत असतं, म्हणून गोंद दुधाळ दिसतो. पाणी गेलं की थेंब एकमेकांत मिसळून पारदर्शक होतात. त्यामुळे फिका गुलाबी मळलात तर वाळल्यावर चांगला गडद मिळतो. रंग दोन छटा फिकाच मळावा, आणि थोडा पांढराही घालावा, नाहीतर पाकळ्या मेणचट, अर्धपारदर्शक दिसतात.

आता उरलेला गोळा. त्याला वाचवायची सगळ्यांची तऱ्हा म्हणजे मोठा हवाबंद डबा. डब्यातल्या हवेला उगाच बोल लावला जातो. खोलीच्या तापमानाला एक लिटर हवा पुरती दमट व्हायला पाण्याचा एक थेंबही लागत नाही. खरी गळती झाकणाच्या फटीतून, पातळ पिशवीतून आणि आपण डबा दहा वेळा उघडतो त्यातून होते. तेव्हा मोठं पाकीट आणल्याबरोबर १००-१०० ग्रॅमचे गोळे करावे, प्रत्येक क्लिंग फिल्ममध्ये सुरकुती न ठेवता घट्ट गुंडाळावा, मग झिप पिशवी, मग डबा. काम करतानाही हातात एकच गोळा, बाकी बंद. डब्यात ओला टिश्यू ठेवायचा तर छोट्या झाकणात, क्लेला न लागता. लागला तर तेवढाच भाग चिकट होतो आणि बुरशी धरते. कागदाचा लगदा असलेल्या क्लेला बुरशी फार आवडते. काळे ठिपके, आंबूस वास आला की टाकून द्यावी, मळून लपवू नये. थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवावी. फ्रीझरमध्ये कधीच नाही, कारण गोठताना पाणी बर्फ होऊन बाजूला होतं आणि बर्फ वितळल्यावर क्ले भुसभुशीत होते.

पिशवीवर चिकटपट्टी लावून वजन लिहिण्याची सवय फार कामाची. बंद करताना २४० ग्रॅम होती, उघडताना २३२ भरली, तर ८ ग्रॅम पाणी उडालं. ८ मिली परत द्यायचं. वरून ओतायचं नाही. गोळ्याला विणायच्या सुईने खोल भोकं पाडायची, थेंबाथेंबाने भरायची, पिशवी बंद करून रात्रभर ठेवायची आणि सकाळी दहा मिनिटं मळायची. अंदाजाने पाणी घालणारा हमखास जास्त घालतो, आणि मग बोटांना चिकटते म्हणून वैतागतो.

पुरता दगड झालेल्या गोळ्याचा जीव मात्र बहुधा परत येत नाही, निदान गोंदाचं प्रमाण जास्त असलेल्या क्लेचा तरी. तो पुढच्या मूर्तीच्या पोटात भरून टाकायचा मोह होतो. भरावा, हरकत नाही, पण त्याचं आकसणं संपलेलं आहे, तेव्हा तोही आता तार-बाटलीसारखा सांगाडाच. वर पातळ थर दोनदा द्यायचे, आणि पहिल्या थराला भेगा पडणारच हे धरून चालायचं.